फाटकाबाहेरचा अ‍ॅस्बेस्टॉस

ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीतल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या जलतरण तलावात क्लोरीन वायू गळाला. पोहायला आलेल्यांना खोकल्याची उबळ आली, श्वास कोंडला, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच दिवशी बातमी शहरभर झाली आणि जबाबदार कोण, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. वायूने आपला पुरावा स्वतःच दिला होता. अ‍ॅस्बेस्टॉस असा पुरावा देत नाही. त्याला वास नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही, श्वासाबरोबर आत गेलेला तंतू त्या दिवशी खोकलाही आणत नाही. त्याचा हिशेब बहुतेक वेळा वीस ते चाळीस वर्षांनी लागतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो, ठेकेदार बदललेला असतो आणि माणूस गावी परतलेला असतो. म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचे फायदे-तोटे तोलताना तराजू मुळातच एका बाजूला झुकलेला असतो. फायदा आजच्या पावतीवर छापलेला दिसतो. तोटा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर, पुढच्या पिढीत जमा होतो.

फायदा खोटा आहे असे मात्र नाही, आणि तो नाकारून केलेला युक्तिवाद कासारवाडीत कुणी ऐकणारही नाही. दापोडीपासून भोसरीपर्यंत आणि पुढे चाकणपर्यंतचा हा सगळा पट्टा पत्र्याखाली वाढला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मोठ्या कारखान्यांच्या मागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारी हजारो लहान वर्कशॉप आली. त्यांना लवकर उभे राहणारे, स्वस्त आणि वर्षानुवर्षे न बघावे लागणारे छप्पर हवे होते. सिमेंटचा पन्हाळी पत्रा या कसोटीला उतरला. तो गंजत नाही. प्लेटिंग आणि पिकलिंगच्या खात्यांतल्या आम्लाच्या वाफांनी लोखंडी पत्र्याची चाळण होते, तिथे हा टिकतो. एप्रिल-मेमध्ये तो लोखंडी पत्र्याइतका भाजत नाही आणि पावसात त्याखाली बोललेले ऐकू येते. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला या शेवटच्या दोन गोष्टींचे मोल काय असते, ते काँक्रीटच्या छताखाली बसून अ‍ॅस्बेस्टॉसबंदीची मागणी करणाऱ्यांनी (म्हणजे माझ्यासारख्यांनी) आधी समजून घ्यायला हवे. या पत्र्यात खनिज तंतू साधारण आठ ते दहा टक्के असतो, बाकी सिमेंट, राख आणि लगदा. एवढ्याशा तंतूवर सहा मिलिमीटर जाडीची चादर वजन पेलते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने शोधलेली ही पद्धत जगभर पसरली ती उगाच नव्हे.

धोका त्याच गुणात आहे. हा तंतू जळत नाही, कुजत नाही, रसायनाला दाद देत नाही. आणि तो उभा चिरत चिरत इतका बारीक होतो की डोळ्यांना दिसत नाही. फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांत तो पोचला की शरीराला त्याचे काय करावे ते कळत नाही. पेशी त्याला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. दाह होतो, व्रण धरतो, फुप्फुस कडक होत जाते. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. त्याखेरीज फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा, जो बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसमुळेच होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी चढतो. कामाच्या जागी झालेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्काने जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छपरावर शाबूत असलेला पत्रा खाली झोपलेल्या माणसावर रोज विष शिंपडत नाही. सिमेंटने तंतू धरून ठेवलेला असतो. तो सुटतो पत्रा कापताना, भोक पाडताना, घासताना, फोडताना आणि जुना झाल्यावर पृष्ठभाग झिजल्यावर. उद्योगाची बाजू नेमकी इथून सुरू होते. धूळ उडू दिली नाही, ओल्याने काम केले, कामगाराला मास्क दिला, हवेतल्या तंतूंची मोजणी ठेवली, तर पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षितपणे वापरता येतो, असे ती सांगते. ‘नियंत्रित वापर’ हे तिचे नाव. कागदावर हा मुद्दा चुकीचा नाही. माझी हरकत एकच आहे: हे नियंत्रण ज्या ठिकाणी आहे तिथे धूळ कमी आहे, आणि जिथे धूळ उडते तिथे नियंत्रण ठेवायला कुणीच नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल यासंदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांतले जे नंतर संपेल तोवर जपायची, विमा सक्तीचा, आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये भरपाई. चाळीस वर्षांचा आकडा न्यायालयाने उगाच निवडला नाही, आजाराची चाल तेवढी लांब आहे. पण या सगळ्या व्यवस्थेत एक गृहीत धरलेले आहे, ते म्हणजे हजेरीपुस्तक. ज्याचे नाव हजेरीपुस्तकात आहे त्याचीच नोंद चाळीस वर्षे राहणार. कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेच्या दर मिलिलिटरमागे एक तंतू ही मर्यादा ठेवली होती. अमेरिकेत ती याचा दहावा हिस्सा आहे आणि युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने ती शंभराव्या हिश्श्यावर आणली. आपली मर्यादा ढिली आहे हे खरे, पण ती कडक केली तरी ती मोजली जाणार पत्रा बनवणाऱ्या कारखान्यात.

आता तोच पत्रा फाटकातून बाहेर पडल्यावर काय होते ते पाहू. तो टेम्पोतून दुकानात जातो, तिथून साइटवर. मजूर अड्ड्यावरून आणलेली दोन-तीन माणसे तो वर चढवतात. कोपरा बसत नाही म्हणून हातातल्या ग्राइंडरला चाक लावून सुका कापतात. जे-हुकसाठी ड्रिल मारतात. पांढरी धूळ केसांत, भुवयांत, कपड्यांत बसते. कपडे घरी जातात आणि बायको ते धुते. इटलीत कासाले मोनफेरातो या गावात अशाच, कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या बायका मेसोथेलिओमाने गेल्या, कारण नवऱ्याचे कपडे त्या घरी धूत होत्या. भारतीय मानक ब्युरोने पत्रा हाताळण्याची मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. ओले करून कापा, हातकरवत वापरा, विजेचे चाक टाळा, असे त्यांचे सार. ती चांगली आहेत. पण ग्राइंडर चालवणाऱ्यापर्यंत ती कधी पोचावीत, कुणी पोचवावीत, हे कुठेच ठरलेले नाही. हजेरीपुस्तक नाही, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून आजार झाला तरी तो अ‍ॅस्बेस्टॉसचा नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० ऐवजी २० कामगारांपासून सुरू केली. भोसरीच्या गल्ल्यांतली पुष्कळ वर्कशॉप या रेषेच्या खालीच आहेत, आणि छपरावर चढणारी तिघांची टोळी तर कुठल्याच व्याख्येत मावत नाही.

ब्रेक आणि क्लच ही याच कथेची दुसरी शाखा. नव्या गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त लायनिंगकडे वळल्या आहेत. निर्यात करायची तर त्यांना दुसरा मार्गच नव्हता. प्रश्न सुट्या बाजारातल्या स्वस्त मालाचा आणि जुन्या गाड्यांचा राहतो. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने काळी धूळ फुंकून काढणे ही नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत कुठल्याही गॅरेजमधली रोजची रीत आहे. त्या धुळीत काय आहे हे ती फुंकणाऱ्या पोराला माहीत नसते.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो हलका नाही. अ‍ॅस्बेस्टॉस एकच नाही; निळा आणि तपकिरी प्रकार अतिशय घातक, ते जवळजवळ सगळीकडून हद्दपार झाले; आज वापरात आहे तो पांढरा, क्रिसोटाइल, आणि तो शरीरात लवकर विरतो, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळ्याची ताकद पांढऱ्यापेक्षा खूप अधिक आहे. जपानमधल्या अमागासाकीत २००५ मध्ये पाइप कारखान्याशेजारच्या रहिवाशांमधले आजार उघडकीला आले तेव्हा तिथे निळाही वापरला गेला होता, म्हणून ते उदाहरण जसेच्या तसे इथल्या पत्र्यावर चिकटवणे अप्रामाणिक ठरेल. पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे. रशियात उरल भागात एका शहराचे नावच अ‍ॅस्बेस्ट आहे आणि तिथली खाण पांढऱ्याची आहे. त्या खाणीच्या आणि गिरण्यांच्या ३० हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूळ जितकी अधिक, तितके फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अधिक, असे त्यात दिसले. मेसोथेलिओमाचे मृत्यूही आढळले. पांढऱ्याची बाजू घेणाऱ्या देशातल्या, पांढऱ्याच्याच खाणीतला हा पुरावा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सगळ्या प्रकारांना माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवते, त्याला आधार आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक त्रास देतो, कारण तो साध्या माणसाच्या तोंडून येतो: इतकी वर्षे या पत्र्याखाली राहिलो, कुठे आहेत ते रुग्ण? रुग्ण शोधले की सापडतात, हे याचे उत्तर. घाटकोपरच्या एका जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांना डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी स्वतंत्रपणे तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला. त्याच लेखात त्यांनी नोंदवले होते की देशात अंदाजे एक लाख कामगार अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात असताना तोवर भरपाई तीसपेक्षाही कमी जणांना मिळाली होती. म्हणजे संघटना होती, हजेरीपुस्तक होते, तज्ज्ञ डॉक्टर भेटले, तेव्हा दर चार-पाच माणसांमागे एक सापडला. यांतले काहीच नसलेल्या माणसाचे काय होते? दम लागतो म्हणून तो महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात किंवा मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात येतो, नाहीतर गावच्या दवाखान्यात. छातीत पाणी झालेले असेल तर आपल्याकडे आधी क्षयाचा संशय येतो, आणि आपल्याकडचा क्षय पाहता तो चूकही म्हणता येत नाही. पण वीस वर्षांपूर्वी तुम्ही काय काम करत होता, हा प्रश्न केसपेपरवर छापलेला नसतो. रुग्ण दिसत नाहीत हा धोका नसल्याचा पुरावा मानला, तर न मोजणारा प्रत्येक देश निरोगी ठरेल.

तिसरा आक्षेप हेतूंचा. बंदीची मागणी पर्यायी माल विकणारे चालवतात, असे म्हटले जाते. २०११ मध्ये कल्याणेश्वरी या संस्थेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली तेव्हा तिच्यामागे प्रतिस्पर्धी उद्योगाचे हित असल्याचे न्यायालयाला वाटले होते आणि त्याने दंडही ठोठावला. न्यायालयाने बरोबर केले. पण हेतूंचा हिशेब मांडायचाच तर दोन्ही वह्या उघडाव्यात. भारताने १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणे थांबवले आणि १९९३ पासून जुन्यांचे नूतनीकरण. आपल्या खाणकामगारासाठी जे घातक मानले ते आपण जहाजाने मागवतो, वर्षाला काही लाख टन. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशात वापरावर बंदी घातली, तरी तिथल्या गोयास राज्यातली खाण निर्यातीसाठी पुढेही चालली. कॅनडा स्वतःच्या संसद इमारतीतून हा पदार्थ खरवडून काढत असताना आपल्याला विकत होता. घातक रसायनांच्या व्यापाराविषयीच्या रॉटरडॅम करारात क्रिसोटाइलचे नाव घालण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे अडतो. त्या नोंदीने बंदी येत नाही, निर्यातदाराने आधी धोक्याची माहिती देऊन आयात करणाऱ्याची संमती घ्यायची, एवढेच. माहितीदेखील नको असणाऱ्यांच्या हेतूंबद्दल कुणी याचिका करत नाही.

चौथा आक्षेप पोटाचा: दुसरा परवडतो कुठे? पर्याय आहेत. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा पॉलिप्रॉपिलीनचा तंतू घालून तसाच सिमेंटचा पन्हाळी पत्रा बनतो. ‘चारमिनार’ पत्रा बनवणाऱ्या कंपनीनेच ‘चारमिनार फॉर्च्यून’ नावाने अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त पत्रा बाजारात आणला. तो महाग पडतो. पण जुन्याची स्वस्ताई ही उधारीची खरेदी आहे: किमतीत डॉक्टर धरलेला नाही, चाळीस वर्षांनी पत्रा उतरवून सुरक्षित पुरण्याचा खर्च धरलेला नाही. तो खर्च खरेदीदार देत नाही, उत्पादकही देत नाही. तो नंतर छपरावर चढणारा मजूर आणि महापालिका देते. आणि ‘याला पर्यायच नाही’ हे वाक्य किती टिकते, ते क्लोरीनच्याच उद्योगात दिसते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मार्च २०२४ मध्ये क्रिसोटाइलबंदीचा नियम केला तेव्हा सुट्या बाजारातल्या ब्रेकना सहा महिने दिले, पण क्लोरीन बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांना अ‍ॅस्बेस्टॉसचा पडदा बदलायला टप्प्याटप्प्याने बारा वर्षांपर्यंत मुदत दिली, कारण पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतो. भारतातला हाच उद्योग केव्हाच अ‍ॅस्बेस्टॉस न लागणाऱ्या मेम्ब्रेन तंत्राकडे गेला आहे. अमेरिकेला जो पडदा बदलायला बारा वर्षे लागतील असे वाटते तो इथे लागतच नाही, त्याची साधी बातमीही झाली नाही.

यातून ‘उद्या सगळे पत्रे उतरवा’ असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे सर्वांत घातक ठरेल. घाईने, सुके, हातोड्याने उतरवलेला पत्रा चाळीस वर्षे छपरावर राहिलेल्या पत्र्याहून अधिक तंतू उडवतो. शिवाय जुन्या पत्र्यावर फळी न टाकता पाय ठेवलेला माणूस सरळ खाली येतो, तो मृत्यू तर वीस वर्षे थांबतही नाही. जमिनीखालच्या जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या (एसी) पाइपांसाठीही रस्ते खोदत बसायची गरज नाही. पिण्याच्या पाण्यातून पोटात गेलेला तंतू घातक असल्याचा ठोस, सुसंगत पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळालेला नाही. फुटलेला पाइप कापताना उडणारी धूळ मात्र पत्र्याच्याच जातीची. म्हणून क्रम असा हवा: आधी नवा माल येणे थांबवायचे, मग जे फुटते, कापले जाते, पाडले जाते त्याकडे बघायचे, आणि शाबूत पत्र्याला रंगाचा थर देऊन त्याच्या वेळेपर्यंत राहू द्यायचे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पर्यावरण व मानवी आरोग्याविषयीच्या दृष्टिपत्रात अ‍ॅस्बेस्टॉस टप्प्याटप्प्याने बंद करण्याची भाषा आहेच. तिला तारीख जोडायची राहिली आहे.

तारीख दिल्लीत ठरेल. पाडकाम मात्र इथे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने हजारो अनधिकृत गोदामे, शेड आणि भंगाराची दुकाने काही दिवसांत भुईसपाट केली. तिथली छपरे बहुतांशी लोखंडी असतीलही. मुद्दा कार्यपद्धतीचा आहे. पोकलेन लावण्याआधी छप्पर कशाचे आहे ते पाहून सिमेंटचे पत्रे ओले करून, अखंड, वेगळे उतरवायचे आणि मोठ्या प्लास्टिकमध्ये बांधायचे, ही अट प्रत्येक पाडकामाच्या परवान्यात आणि महापालिकेच्या स्वतःच्या कारवाईतही हवी. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यातून निघालेला कचरा २०१६ च्या नियमांत घातक कचरा आहे. तोच पदार्थ छपरावरून उतरला की व्यवहारात तो राडारोडा होतो. महापालिकेचा राडारोडा मोशीच्या प्रकल्पात जातो, तिथे तो दळून त्याचे पेव्हर ब्लॉक होतात. त्यात मिसळलेला पत्रा क्रशरखाली गेला, तर सिमेंटने इतकी वर्षे धरून ठेवलेला तंतू एका मिनिटात मोकळा होईल. घातक कचऱ्याची सोय रांजणगावच्या प्रकल्पात आहे, जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. अडचण फक्त तिथवर नेण्याच्या आणि पुरण्याच्या पैशाची आहे, आणि झोपडीचा मालक ते देणार नाही. त्याने का द्यावेत? टायर, बॅटऱ्या, प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक माल यांच्या उत्पादकांवर आपण वापरानंतरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली आहे. सिमेंटच्या पत्र्यावर ती टाकली, तर अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या किमतीत त्याचा अंतिम खर्च आजच दिसू लागेल, आणि शेजारी ठेवलेला अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त पत्रा कदाचित तितकासा महाग वाटणार नाही.